सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या बाळाच्या छातीतला कफ घरी कसा मोकळा कराल?

बाळाचा पापा घेतला की खारट लागतं, खोकला हटत नाही, वजन वाढत नाही. घामाची तपासणी होते आणि डॉक्टर सांगतात, सिस्टिक फायब्रोसिस. हा दोष आई आणि वडील दोघांकडून येतो. एकट्या सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे आधी ऐकावं.

यात कफ डिंकासारखा चिकट होऊन फुप्फुसात अडकतो, तिथंच जंतू वाढतात. म्हणून बाळ बरं दिसत असलं तरी रोज, बहुतेकदा दोन वेळा, छातीची फिजिओथेरपी लागते.

दूध पाजण्याआधी करा, नाहीतर पाजल्यावर दीड-दोन तास थांबा. अंगठी, बांगड्या काढा. बाळाच्या अंगात झबलं राहू द्या. मांडीवर पालथं किंवा कुशीवर घ्या, तळवा ओंजळीसारखा खोलगट करा आणि मनगट सैल ठेवून थापा. आवाज पोकळ यायला हवा. चट्‌ असा आला तर हात सपाट पडतोय. एका बाजूला साधारण 3 ते 5 मिनिटं, तेही फक्त बरगड्यांवर. कणा, पोट, कंबर, छातीचं मधलं हाड सोडा. डोकं खाली लोंबवायची पद्धत जुनी झाली, त्यानं दूध वर येतं. बाळ कफ थुंकत नाही, गिळतं.

हात मात्र आधी फिजिओथेरपिस्टसमोर बसवून घ्या. आजी-बाबांनाही सोबत न्या, रोज एकट्या आईला जमत नाही.

ओठ निळसर पडले, धाप लागली किंवा कफात रक्त दिसलं तर थापणं थांबवा आणि 108 ला फोन करा.