लग्न लावतो कोण?

'लग्न लावतो कोण?' असे कोणी विचारले, तर वाचक एका तोंडाने 'भटजी' म्हणतील. आम्ही वसईचे कॅथलिक 'फादर' म्हणू, एवढाच काय तो फरक. आमच्या धर्मात हे उत्तर चूक आहे, हे मला पंधरा वर्षे संसार केल्यावर कळले. कसे कळले, त्याची ही हकिगत.

तीन वर्षांपूर्वी माझ्या आईला पक्षाघात झाला आणि तिची उजवी बाजू गेली. त्याच सुमारास सौभाग्यवतींना दुसऱ्या गावच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा देऊ केली होती. तिने नकार कळवला. मी तिला 'जा' म्हटले नाही आणि 'राहा'ही म्हटले नाही. गप्प बसलो. घरातल्या पुरुषाचे गप्प बसणे हा हुकूमच असतो, हे बायकांना सांगावे लागत नाही.

एके दिवशी पाहुण्यांसमोर मी ऐटीत म्हणालो, "आमच्या घरी आईची सेवा हीच प्रार्थना!" पाहुणे गेल्यावर ती शांतपणे म्हणाली, "अहो, प्रार्थना तुम्ही करता, सेवा मी करते. वाटणी छान आहे."

त्यानंतर नऊ दिवस अबोला. पण संध्याकाळची जपमाळ काही चुकली नाही. जपमाळेत प्रार्थनेचा अर्धा भाग एकाने म्हणायचा आणि उरलेला इतरांनी. मी अर्धा म्हणे, ती उरलेला म्हणे. दिवसभरात आमचे संभाषण तेवढेच!

दहाव्या दिवशी मी फादरांकडे गेलो. ते तिला चार शब्द सांगतील, अशी आशा होती. त्यांनी ऐकून घेतले आणि मलाच विचारले, "सर, तुमचे लग्न कोणी लावले?"

मी त्या वेळच्या धर्मगुरूंचे नाव घेतले.

"ते साक्षीदार होते," फादर म्हणाले. "बाप्तिस्मा आम्ही देतो, मिस्सा आम्ही करतो, पण विवाहाचा संस्कार वधू-वर एकमेकांना देतात. एके काळी धर्मगुरूवाचून चोरून झालेली लग्नेही खरी धरली जात. त्यातून फसवणूक होऊ लागली, तेव्हा ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मगुरू आणि दोन साक्षीदार आवश्यक ठरवले. तरी देणारे तुम्ही दोघेच. आणि हे देणे वेदीपुढे संपत नाही. गेल्या नऊ दिवसांत कोणी कोणाला काय दिले?"

मराठीचा प्राध्यापक असून मला एक वाक्य सुचले नाही. सुखात-दुःखात, आजारात-आरोग्यात साथ देण्याचे वचन मीही दिले होते. माझ्या वाट्याचे वचन तीच पाळत होती!

त्या संध्याकाळी मी आईची चादर बदलायला घेतली. आई संकोचली. "तुझ्याने नाही व्हायचं रे," म्हणाली. खरेच होईना. अंथरुणातल्या माणसाला कुशीवर वळवून चादर बदलणे ही विद्या आहे, आणि ती एम.ए.ला शिकवत नाहीत. एवढ्यात चादरीचे दुसरे टोक कोणीतरी धरले. "आधी त्यांना तुमच्याकडे वळवा," ती म्हणाली. दहा दिवसांतले तिचे ते पहिले वाक्य.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबावर एक मोठे पत्र लिहिले. संसाराला तीन शब्द हवेत, असे ते त्यात सांगतात : परवानगी मागण्याचा, आभाराचा आणि क्षमेचा. आम्हा भाषेच्या मास्तरांना तिन्ही शब्दांची व्युत्पत्ती पाठ असते. उपयोग तेवढा राहून जातो.

मुख्याध्यापिकेची ती जागा गेली ती गेली. माझ्या पश्चात्तापाने काही ती परत आली नाही. यंदा दुसऱ्या शाळेत जागा निघाली, तेव्हा मीच म्हणालो, "अर्ज कर. सकाळचे आईचे मी पाहीन." तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले, मग कागद पुढे ओढला.

अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. मला चादर मात्र एकट्याने बदलता येऊ लागली आहे.