बजीची अंडी : फेकण्याआधी दिवस मोजा

बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळणारा पक्षी बहुतेक वेळा बजी, म्हणजे मूळचा ऑस्ट्रेलियातला बजरीगार असतो. प्रौढ नराच्या नाकपुड्यांभोवतीची त्वचा साधारणपणे निळी, मादीची तपकिरी असते.

मादी एक दिवसाआड एक, अशी 4 ते 6 अंडी घालते. प्रत्येक अंड्याला उबवणीचे सुमारे 18 दिवस लागतात. ती पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे पिल्ले एकाच दिवशी निघत नाहीत.

उदाहरण : पहिले अंडे 1 डिसेंबरला, पाचवे 9 ला. मग पहिले पिल्लू 19 च्या आसपास, पाचवे 27 च्या आसपास. मी पहिल्या खेपेस 23 तारखेला तीन पिल्ले पाहून उरलेली दोन अंडी खराब समजून फेकली. हिशेब नंतर केला.

तुम्ही तसे करू नका. प्रत्येक अंड्याची तारीख वहीत लिहा. आठवड्याने अंधारात टॉर्चवर धरा. लाल शिरा दिसल्या तर आत जीव आहे.

भिलाईच्या मे महिन्यात घरटे-पेटी लावूच नका; बंद पेटीत पिल्ले उन्हाळा सोसत नाहीत. राळा, बाजरी, पालेभाजी आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेस मात्र बारमाही द्या.