इंग्रजी क्रियापदांचे सोबती : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

आपल्याकडील सरकारी कचेरीत वरिष्ठाने ‘हे प्रकरण पुट अप करा’ असे फर्माविले, की शाळा सुटल्यापासून इंग्रजी व्याकरणाचे पान न उलटलेला कारकूनही दफ्तर सोडतो, मागील पत्रव्यवहार जोडतो, टिपणी लिहितो आणि साहेबांच्या हुकमासाठी फाईल बिनचूक सादर करतो. परंतु त्याच कारकुनाच्या हाती सुनावणी ‘पुट ऑफ’ झाल्याचे पत्र पडले, किंवा आग ‘पुट आउट’ केल्याची बातमी त्याच्या वाचनात आली, म्हणजे तो अडखळतो, आणि ‘ठेवणे’ एवढाच अर्थ असलेल्या ‘पुट’ने कुठे सादर करावे, कुठे तहकूब करावे आणि कुठे विझवावे याला काही धरबंधच नाही, असे म्हणून तो नाद सोडून देतो. प्रौढ विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविताना ही तक्रार मी इतक्यांच्या तोंडून ऐकली आहे, की तिचा सविस्तर परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते.

अशा जोडीत अर्थाचा भार पुष्कळदा क्रियापदावर नसून त्याच्या मागून येणाऱ्या लहानशा अव्ययावर असतो, आणि ही गोष्ट मराठी माणसाला नवखी वाटण्याचे वस्तुतः काहीच कारण नाही. हरण करणे या अर्थाचा ‘हृ’ धातू एकच. पण त्याला उपसर्ग लागताच आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे एकमेकांशी ओळखही न सांगणारे शब्द उभे राहतात, आणि ते वापरताना आपण कधी बिचकत नाही. उपसर्गांना स्वतःचा अर्थ असतो की नाही, हा वाद यास्काने आपल्या निरुक्तात नोंदविला आहे : शाकटायनाच्या मते नाम-आख्यातांपासून सुटे केलेले उपसर्ग काही अर्थ सांगत नाहीत, तर गार्ग्याच्या मते त्यांना त्यांचे त्यांचे अर्थ असतात. इंग्रजीपुरते बोलायचे तर मला गार्ग्याची बाजू अधिक पटते. ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’ यांतील ‘अप’ वर जाण्याचा नसून क्रिया पुरी होण्याचा आहे. आपण ‘खाऊन टाक’ म्हणतो तेव्हा ‘टाक’ जे काम करतो, नेमके तेच तो करतो. ‘गो ऑन’, ‘कॅरी ऑन’, ‘रीड ऑन’ यांतील ‘ऑन’ क्रिया चालू ठेवतो. अर्थात हा न्याय सर्वत्र लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे : ‘गो ऑफ’ म्हटल्याने दूध नासते, घड्याळाचा गजर वाजतो आणि घरातले दिवे जातात; ही रूपे रूढीनेच शिकावी लागतात.

दुसरा गैरसमज सुशिक्षितांत अधिक आढळतो. ही रूपे म्हणजे बाजारी बोली होय, लेखणीने ‘पोस्टपोन’ आणि ‘रिजेक्ट’ असेच लिहावे, अशी त्यांची समजूत असते. परंतु ‘पोस्टपोन’ची फोड लॅटिनमध्ये ‘नंतर ठेवणे’ अशीच होते आणि ‘रिजेक्ट’ची ‘मागे फेकणे’ अशी. म्हणजे ज्याला आपण प्रतिष्ठित समजतो तो शब्दही घडणीने ‘पुट ऑफ’चाच भाऊबंद आहे. दस्तऐवज ‘ड्रॉ अप’ केला जातो, करार ‘कॅरी आउट’ होतो आणि तत्त्व ‘ले डाउन’ केले जाते, हे तर इंग्रजी कायद्याच्या भाषेत नित्याचेच आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत या रूपांचा मुद्दाम उल्लेख करून परकीयांना ती सर्वांत जड जातात हे ओळखले होते, आणि कोशात ती परिश्रमपूर्वक नोंदविली होती. ‘फ्रेजल व्हर्ब’ ही संज्ञा मात्र बरीच अलीकडची : लोगन पिअर्सल स्मिथने ती १९२५ साली आपल्या पुस्तकात वापरली, आणि ती सुचविण्याचे श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले.

खरी अडचण आहे ती क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अव्यय एकच मानण्यात. संध्याकाळच्या वर्गात एकदा एका किराणा दुकानदाराने ‘ही रॅन अप अ बिल’चे भाषांतर ‘तो बिलावर धावत चढला’ असे केले. वर्गात हशा पिकला, पण तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, “गुरुजी, ‘ही रॅन अप अ हिल’ म्हणजे तो टेकडीवर धावत चढला, असे तुम्हीच काल सांगितलेत. एका अक्षराने व्याकरण कसे काय बदलले?” इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल. टेकडीच्या वाक्यात ‘अप’ टेकडीला चिकटलेला आहे, ‘वर’ या आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा. बिलाच्या वाक्यात तो ‘रॅन’ला चिकटून ‘उधारी वाढविली’ असा अर्थ घडवितो. म्हणून ‘रॅन अ बिल अप’ असे म्हणता येते, ‘रॅन अ हिल अप’ असे म्हणता येत नाही. आणि नामाच्या जागी सर्वनाम घातले, की उधारीसाठी ‘रॅन इट अप’ आणि टेकडीसाठी ‘रॅन अप इट’ अशी दोघांची वाट कायमची वेगळी होते.

क्रियापद आणि त्याचा सोबती यांच्यामध्ये कर्म येऊन बसावे, हे कित्येकांना अव्यवस्थेचे लक्षण वाटते. पण वैदिक भाषेत उपसर्ग धातूच्या मागूनही येतो, किंबहुना मध्ये इतर शब्द ठेवून दूरही राहतो, आणि पाणिनीने ही सवलत छंदाच्या भाषेपुरती स्पष्ट नमूद केली आहे. लौकिक संस्कृतात पुढे उपसर्ग धातूच्या अगोदर कायमचा जखडला गेला. इंग्रजीत प्रवास याच्या उलट झाला. जुन्या इंग्रजीत पूर्वपदे धातूला घट्ट जोडलेली असत, ज्यांचे अवशेष ‘फर्गिव्ह’ आणि ‘विथस्टँड’ यांत आजही दिसतात. ती पद्धत क्षीण होत गेली आणि सुटी अव्यये मागून येऊ लागली. पीटरबरोच्या मठातील ११५४ पर्यंतच्या बखरीत या नव्या रूपांचे नमुने आढळतात.

वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येऊ नये, हा दंडकही तसाच निराधार आहे. १६७२ साली कवी ड्रायडनने नाटककार बेन जॉन्सनच्या वाक्यरचनेवर घेतलेल्या आक्षेपातून तो फोफावला, एवढेच.

त्या दुकानदाराने पुढे आपल्या वहीत अर्थाशेजारी आणखी एक रकाना आखला आणि प्रत्येक जोडीत ‘इट’ कुठे बसते तेवढेच तो त्यात लिहू लागला : गिव्ह इट अप, पुट इट ऑफ, लुक आफ्टर इट, लुक इट अप, लुक अॅट इट. महिन्याभरात त्याची ती वही वर्गात हातोहात फिरू लागली.