विंचुर्णीचे दर्यावर्दी आजोबा

फलटण हे नाव जैन समाजाला नवे नाही. निंबाळकरांच्या संस्थानाची ही जुनी राजधानी व्यापारी पेठ म्हणून जितकी परिचित, तितकीच जिनमंदिरांचे गाव म्हणूनही. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने धवलादी सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले. श्रुतरक्षणाच्या त्या कार्याशी फलटणचे नाव जोडलेले आहे. याच तालुक्यात विंचुर्णी नावाचे लहानसे खेडे आहे. पावसाने हात आखडता घेतलेला हा मुलूख. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, दृष्टीच्याच नव्हे तर बोलण्याच्याही बाहेर. या कोरड्या भूमीत निवृत्तीनंतर येऊन स्थिरावले ते व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी. पांढरीशुभ्र दाढी, ताठ कणा आणि झाडापाखरांची ओढ असलेला हा वृद्ध दर्यावर्दी नोव्हेंबर २०१८ च्या आरंभी कालवश झाला. तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी ओलांडली होती.

भारतीय नौदलातील शिडाच्या नौकांच्या परंपरेचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. जनकापेक्षा ‘आजोबा’ हा शब्द त्यांना अधिक शोभतो. पिता आपल्या हाताने घडवतो. आजोबा पुष्कळदा केवळ एक ध्यास मागे ठेवतात आणि नातवंडे तो पुरा करतात. एकट्या भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा आवटींचा ध्यास होता. ती प्रदक्षिणा त्यांनी स्वतः केली नाही. त्यांच्याहून कितीतरी लहान असलेल्या माणसांनी ती केली, आणि ती पुरी झालेली पाहण्याइतके आयुष्य त्यांना लाभले.

त्यांच्या सेवाकाळातील सर्वांत कसोटीचा प्रसंग १९७१ च्या युद्धाचा. पूर्व ताफ्यातील ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचे नेतृत्व त्या वेळी त्यांच्याकडे होते. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका, तिच्याभोवती ‘ब्रह्मपुत्र’, ‘बियास’, ‘कामोर्ता’, ‘कवरत्ती’ अशा नौका, आणि समोर चितगाव व कॉक्स बझारची बंदरे. विक्रांतच्या एका बाष्पकात दोष असल्याने तिला पुऱ्या वेगाने धावता येत नव्हते. पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी विशाखापट्टणमजवळ ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री बुडाली, तरी पाण्याखालचा धोका संपला असे कोणी गृहीत धरू शकत नव्हते. पाणबुडीचा माग काढणे हेच कामोर्ताच्या जातीच्या नौकांचे काम.

व्यापारी घरातील वाचकाला या युद्धाची एक बाजू चटकन उमगेल. ताफ्याने शत्रूची बंदरे बंद पाडली. माल आत जाईना, सैन्य बाहेर पडेना. सागरी नाकेबंदी म्हणजे शत्रूच्या पेठेला बाहेरून लावलेले कुलूप. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, तिच्यामागे या कुलपाचाही मोठा वाटा होता. आवटींना त्या युद्धातील कामगिरीसाठी वीरचक्र देण्यात आले. पुढे ते पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख झाले आणि १९८३ मध्ये निवृत्त झाले. परम विशिष्ट सेवा पदकाचेही ते मानकरी होते.

अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजाच्या मासिकात एका सेनानीचे स्मरण कसे, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येईल. श्रावकाचाराने त्याचा विचार फार पूर्वी केला आहे. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी अशा हिंसेच्या चार प्रकारांपैकी गृहस्थाने पूर्णतः वर्ज्य करायची ती संकल्पी हिंसा. आक्रमकाला रोखताना घडते ती विरोधी हिंसा. ती पुण्य ठरत नाही, पण गृहस्थाला ती अटळ मानली आहे. या विवेचनाला कोणी पळवाट म्हणतात. तसे म्हणणाऱ्यांनी, आपली दुकाने रात्री निर्धास्तपणे कोणाच्या भरवशावर बंद होतात, याचा विचार करावा.

परंतु आवटींचे खरे वेगळेपण रणांगणात नव्हते. समुद्राकडे पाठ फिरवलेल्या देशाचे तोंड पुन्हा समुद्राकडे वळवावे, ही त्यांची तळमळ होती. सेवेत असतानाच, १९७८ मध्ये, त्यांनी मुंबईत ‘मेरिटाइम हिस्ट्री सोसायटी’ स्थापन केली. युद्धनौकांइतकेच व्यापारी गलबतांचे, बंदरांचे आणि दर्यावर्दी जातीजमातींचे स्मरण जपणे हे या संस्थेचे काम. समुद्रपर्यटनाने धर्म बुडतो अशी समजूत ज्या देशात शतकानुशतके रुजली, तेथे आधी स्मरण जागे करावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

जैन वाचकाला या स्मरणासाठी लांब जावे लागत नाही. आयंबिलाच्या ओळीत श्रीपाळ-मैनासुंदरीची कथा घरोघर ऐकली जाते. धवल शेठची पाचशे गलबते भरूचच्या बंदरात अडकतात आणि नवपदाच्या आराधनेने श्रीपाळ ती मुक्त करतो; पुढे तोच शेठ लोभाने त्याला समुद्रात लोटतो आणि श्रीपाळ ठाण्याच्या किनाऱ्याला लागतो. त्या प्रसंगाची आठवण ठेवणारे मंदिर आजही ठाण्यात आहे. ज्ञाताधर्मकथेतील जिनपालित आणि जिनरक्षित हे बंधूही समुद्रव्यापाराला निघालेले वणिकपुत्रच. कथा सोडून इतिहासात यावे, तर सतराव्या शतकात सुरतेचे वीरजी व्होरा हे जैन व्यापारी इंग्रज कंपनीलाच कर्ज देत होते.

आणि अगदी जवळचे उदाहरण वालचंद हिराचंद यांचे. सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातील या पुरुषाने १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या स्थापनेत पुढाकार घेतला. त्या वर्षी ५ एप्रिलला तिची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून तिला बुडवण्याचा प्रयत्न केला, तरी ती टिकली. विशाखापट्टणमची गोदीही त्यांचीच उभारणी. तेथे बांधलेली ‘जलउषा’ १९४८ मध्ये पाण्यात उतरली. वालचंदांच्या नावाचे वालचंदनगर नीरा नदीच्या पलीकडे, फलटणपासून फार दूर नाही. दर्याशी नाते सांगणारी ही दोन नावे, वालचंदनगर आणि विंचुर्णी, दोन्ही अशी पाण्यासाठी आभाळाकडे पाहणाऱ्या भागात असावीत, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

मग मधल्या काळात समुद्र आपल्या घरांतून गेला कोठे? एक उत्तर नेहमी दिग्व्रताचे दिले जाते. श्रावकाने दाही दिशांना आपल्या वावराची मर्यादा ठरवून घ्यावी, असे हे गुणव्रत. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात या मर्यादांच्या खुणा सांगितल्या आहेत. त्यांत पहिले नाव समुद्राचेच आहे. मात्र व्रताचा रोख लोभावर आहे, धाडसावर नाही. अमर्याद पसाऱ्याला आवर घालण्यासाठी स्वेच्छेने आखलेली रेषा वेगळी आणि ‘आपल्या घरातले कोणी गेले नाही, म्हणून तूही जाऊ नकोस’ ही भीती वेगळी. बहुतेक घरांत दुसरीच गोष्ट पहिलीच्या नावाने सांगितली जाते.

आवटींनी ज्या प्रदक्षिणेचा ध्यास घेतला, तिचे नियम कठोर असतात. ज्या बंदरातून निघायचे तेथेच परतायचे. सर्व रेखावृत्ते आणि विषुववृत्त ओलांडायचे. किमान २१,६०० सागरी मैल कापायचे. सुवेझ किंवा पनामा कालव्याची वाट घ्यायची नाही. आणि दक्षिणेकडील तिन्ही भूशिरांना वळसा घालायचा. त्यांतले केप हॉर्न हे खलाशांचे स्मशान म्हणून कुप्रसिद्ध. १९८५ ते १९८७ या काळात भारतीय सेनेच्या अभियंत्यांनी ‘तृष्णा’ नौकेतून जगप्रवास केला होता. पण तो चमूचा होता आणि नौका परदेशातून घेतलेली होती. आवटींना एकटा माणूस हवा होता, आणि नौका इथलीच.

२००६ मध्ये नौदलाने स्वयंसेवकाचा शोध सुरू केला, तेव्हा कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. तयारीसाठी त्यांना सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचे मार्गदर्शन मिळाले. १९६९ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारे हे जगातील पहिले गृहस्थ. त्यांची ‘सुहैली’ ही सागवानी नौका मुंबईत, भारतीय सुतारांच्या हातांनी बांधली गेली होती, ही गोष्ट किती जणांना ठाऊक असेल! जगाला वळसा घालणारी नौका आपण बांधत होतो. फक्त तीत बसायला आपला माणूस नव्हता.

दोंदे यांची ‘म्हादेई’ गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात तयार झाली. ५६ फुटांची ही नौका; इतकी मोठी शिडाची नौका दांडेकरांनी त्यापूर्वी बांधली नव्हती. एक वृद्ध ॲडमिरल, कधीही एकटा जगप्रवास न केलेला अधिकारी आणि असे काम पहिल्यांदाच हाती घेणारा कारागीर, अशा तिघांच्या भरवशावर नौदलाने पैसा लावला. कसलेल्या सावकारालाही हा व्यवहार धाडसाचाच वाटला असता. १९ ऑगस्ट २००९ रोजी म्हादेई मुंबईहून निघाली. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन असे चार थांबे घेत मे २०१० मध्ये ती परतली, आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणून दोंदे यांची नोंद झाली.

पुढची पायरी अधिक कठीण होती: तीच वाट, पण कोठेही न थांबता, कोणाचीही मदत न घेता. लेफ्टनंट कमांडर अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले आणि ३१ मार्च २०१३ रोजी परतले. पाच महिने जमिनीवर पाऊल नाही. परतीच्या वाटेवर टाकीतल्या गोड्या पाण्यात डिझेल मिसळले आणि पावसाच्या पाण्यावर भिस्त ठेवावी लागली. पाणी तुपासारखे वापरावे, असे जैन घरांतील वडीलधारी मंडळी सांगत. तसे पाणी वापरणे म्हणजे काय, हे त्या एकट्या माणसाने भर महासागरात अनुभवले.

त्यानंतर मुली निघाल्या. दिवाडीतच बांधलेल्या ‘तारिणी’ नौकेतून १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून सहा महिला अधिकारी बाहेर पडल्या: वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, एस. विजया देवी, बी. ऐश्वर्या आणि पायल गुप्ता. त्यांना शिकवले दोंदे यांनी. तारिणी हे नावही अर्थपूर्ण. ओडिशातील तारा-तारिणी ही दर्यावर्दी आणि व्यापाऱ्यांची रक्षणकर्ती देवी मानली जाते. प्रशांत महासागराच्या दक्षिण भागात ताशी शंभर किलोमीटरहून वेगवान वाऱ्यांना या सहा जणी तोंड देत होत्या. परतताना सुकाणूत बिघाड झाल्याने मॉरिशसला अनियोजित थांबा घ्यावा लागला. २१ मे २०१८ रोजी, २५४ दिवसांनी, त्या गोव्यात परतल्या. ॲडमिरलांच्या नातींच्या वयाच्या या मुली. आपल्या घरांत मुलीला परगावी शिकायला पाठवताना किती रात्री चर्चा होते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या सहा घरांतील आठ महिन्यांचे मोल सांगायला नको.

त्याच वर्षी सप्टेंबरात एक कसोटीची बातमी आली. सुहैलीच्या प्रतिकृतीप्रमाणे गोव्यात बांधलेल्या ‘तुरीय’ नौकेतून टॉमी गोल्डन ग्लोब स्पर्धेत उतरले होते. २१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने नौकेची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच नौकेने त्यांची सुटका केली. दीड महिना उलटण्याच्या आतच विंचुर्णीत आवटींचे देहावसान झाले.

टॉमी पुन्हा उभे राहिले. २०२२ मध्ये ते त्याच स्पर्धेत पुन्हा उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकाने तीरावर आले. तारिणीही थांबली नाही. २ ऑक्टोबर २०२४ रोजी लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघीच तिच्यातून गोव्याबाहेर पडल्या. तेच चार थांबे, तेच केप हॉर्न. २९ मे २०२५ रोजी त्या मुरगावच्या बंदरात परतल्या. या खेपेला त्यांच्या स्वागताला ॲडमिरल नव्हते. त्यांच्या ध्यासातून जन्मलेली वाट मात्र आता दोघींना पुरेशी ओळखीची झाली होती.