घरधनिणीची शाळा

संपादकांनी मला आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर धाडले ते तेथील उन्हाळी भाषाशाळांविषयी लिहावे म्हणून. आणि वर्ग, फळे, क्रमिक पुस्तके, मुख्याध्यापकांची मुलाखत असा सगळा सरंजाम मनाशी मांडूनच मी निघालो होतो. पण गॉलवे शहर मागे पडून, जेथे गावांच्या पाट्यांवरचे इंग्रजी नाहीसे होते आणि दगडी गडग्यांनी आखलेली चिमुकली शेते सुरू होतात, त्या कॉनेमाऱ्यात दोन दिवस काढल्यावर माझ्या ध्यानात आले की ही शाळा वर्गात भरतच नाही; ती स्वयंपाकघरात भरते, आणि तिची खरी मुख्याध्यापिका कोपरापर्यंत पीठ माखलेली एक साठीची बाई आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो कोणत्याही दप्तरात सापडेल. 1845 पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळाने दहा लाखांच्या आसपास माणसे मारली आणि तितकीच देशोधडीला लावली; त्यांत पश्चिमेकडची गरीब आयरिशभाषिक कुळे फार, त्यामुळे माणसांबरोबर भाषाही बोटीत बसली. 1893 साली डग्लस हाइड, ओइन मॅकनील प्रभृतींनी गेलिक लीग स्थापिली. 1904 साली कॉर्क परगण्यात बॅलिंगिअरी येथे पहिले उन्हाळी विद्यालय निघाले, आणि तेही मुलांसाठी नव्हे, तर जी भाषा शिकवायची ती स्वतःलाच धड न येणाऱ्या शिक्षकांसाठी! पुढे स्वतःचे राज्य आले, खाते आले, अनुदान आले, आणि मास्तरांच्या जागी शहरांतली पोरे येऊ लागली. हल्ली दर उन्हाळ्यात हजारो मुले ‘गेलटाख्ट’ म्हणजे आयरिशभाषिक मुलखातल्या घरांत, बहुधा तीन आठवड्यांसाठी, राहायला येतात. सकाळी वर्ग, दुपारी खेळ नाहीतर समुद्र, रात्री ‘केली’ नावाचा सामुदायिक नाच, असा दिनक्रम असतो. गंमत अशी की त्याच सुटीत स्पेनची नि इटलीची मुले डब्लिनच्या घरांत इंग्रजी शिकायला उतरलेली असतात.

मुले ज्या घरी राहतात त्या घरच्या बाईला ‘बॅन अन टी’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘घरची बाई’, पण आपला ‘घरधनीण’ हा शब्द त्यातला अधिकार अधिक चांगला पकडतो. तिच्या घरात आयरिश खरोखर बोलली जाते याची खातरजमा सरकार करते आणि मुलामागे, रात्रीच्या हिशेबाने, तिला रक्कम पोचती करते. पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. त्या व्यवस्थेला सरकारी मंजुरी, तपासनीस आणि दुमजली पलंग जोडले की साधारण चित्र उभे राहते. मी पाहिलेल्या घरात बारा मुले होती. अकरा डब्लिनकडची, शाळेत सक्तीने शिकलेली मोडकीतोडकी आयरिश गाठीशी असलेली; बारावा बॉस्टनहून आलेला, देशांतर केलेल्या कुटुंबाचा तेरा वर्षांचा नातू, आणि त्याची पाटी कोरी.

तिसऱ्या संध्याकाळी त्याने सोडा-पावाच्या लादीकडे बोट दाखविले. बाईंना इंग्रजी उत्तम येते; ऐन तारुण्यातली काही वर्षे त्यांनी लंडनमध्ये काढली आहेत. पण मुलांसमोर त्या ठार बहिऱ्या होतात. त्यांनी सुरी खाली ठेवली, लादीवर फडके पांघरले आणि वाट पाहू लागल्या. शेजारच्या मुलाने कानात सांगितलेले वाक्य त्याने अडखळत उच्चारले, “तॉ ओक्रस ओरम”, आणि फडके उचलले गेले. या वाक्याचा अक्षरशः अर्थ ‘माझ्यावर भूक आहे’. इंग्रज स्वतःच भुकेला होतो. आयरिश माणसावर भूक येऊन बसते, आणि आपल्याला ती लागते. त्या भाषेत ‘हो’ आणि ‘नाही’ यांना स्वतंत्र शब्द नाहीत. प्रश्नातल्या क्रियापदानेच उत्तर द्यायचे. “जेवलास?” “जेवलो.” अटलांटिकच्या काठावर मला अकारण माजघरात आल्यासारखे वाटले, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

मुलांनी इंग्रजी बोलू नये हा दंडक कडक आहे, आणि पुनःपुन्हा मोडणाऱ्याची घरी रवानगी होते. हे मला प्रथम जाचक वाटले. मग एका लाकडाच्या तुकड्याची हकीकत कळली. एकोणिसाव्या शतकात याच मुलखात मुलांच्या गळ्यात दोरीने एक काठी बांधीत. मूल आयरिश बोलले की तिच्यावर एक खाच पाडायची आणि खाचा मोजून छड्या मारायच्या, असा शिरस्ता होता. ऑस्कर वाइल्डचे वडील सर विल्यम यांनी ही काठी प्रत्यक्ष पाहिली होती. खाच पाडणारा हात मास्तरचा नव्हता, मुलाच्या बापाचा होता. पोराने इंग्रजी शिकून पोट भरावे म्हणून तो बाप हे करीत होता, हे उमगल्यावर त्याला दोष तरी कसा द्यावा?

बाईंशी निवांत बोलणे झाले ते रात्री, मुले नाचाला गेल्यावर. त्यांच्या लहानपणी वाटेवरच्या प्रत्येक घरी अशी बाई होती. आता या वाटेवर त्या धरून दोघीच. 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी साथीमुळे मुलांचे येणे बंद राहिले, तेव्हा ज्यांनी खाटा मोडून ठेवल्या त्यांतल्या काहींनी त्या पुन्हा जोडल्याच नाहीत. मुली नोकरीला गॉलवेत. बारा जणांचे तीन वेळचे रांधणे, धुणी, आजारपणे नि रात्री आईच्या आठवणीने येणारे हुंदके यांपेक्षा प्रवाशांना खोली भाड्याने देणे सोपे. काही विद्यालये आता वसतिगृहे वापरतात. तेथे बंदोबस्त चोख असतो. पण भूक लागली हे कोणाला सांगावेच लागत नाही, घंटा वाजते.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती काहीशा संकोचाने. त्यांच्या दोन नातवंडांना आयरिश कळते, पण ती उत्तर इंग्रजीत देतात. मुले मुक्कामाला असली की नातवंडांना मागच्या अंगणात खेळायला पाठवावे लागते. 2022 च्या शिरगणतीत साऱ्या गेलटाख्टमध्ये शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे सुमारे 20,000च निघाले, तो आकडा मी वाचून आलो होतो. त्याचा चेहरा हा असेल असे मात्र वाटले नव्हते.

हे सारे त्या इंग्रजीत बोलत होत्या, पण आपल्याच घरात, दार ओढून घेऊन, आवाज खाली आणून. पुढच्या वर्षी मुले ठेवणार का, असे मी विचारले. घड्याळामागे खोचलेला सरकारी अर्ज त्यांनी काढला, सरळ केला, आणि “पुढच्या वर्षी बहुधा...” असे म्हणतात तोच फाटक वाजले, बारा जोड्या बुटांचा गलका ओसरीवर आला, आणि वाक्याचा उरलेला भाग बाईंनी आयरिशमध्ये पुरा केला.