पोलीस दलाचा गौरव आणि संशोधनाचा प्रश्न : सोलापूरच्या तीन तारखा

'महाराष्ट्र पोलीस दलाचा गौरवशाली इतिहास' अशा धाटणीचे विषय पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये नेहमी दिसतात. विषय चांगलाच आहे. अडचण शीर्षकातल्या एका शब्दाची आहे. 'गौरवशाली' म्हटलं की उत्तर आधीच लिहून झालं. मग पुढची चार वर्षं तुम्ही शोधणार काय?

गौरव करूच नये, असं माझं म्हणणं नाही. पण गौरवाच्या विषयातून संशोधनाचा प्रश्न काढावा लागतो. तो कसा काढायचा, ते आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या तीन तारखा घेऊन पाहू.

पहिली तारीख : 2 जानेवारी

2 जानेवारी 1961 रोजी पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलीस दलाला ध्वज मिळाला. त्याची आठवण म्हणून दरवर्षी 2 ते 8 जानेवारी असा 'रेझिंग डे'चा सप्ताह साजरा होतो. शाळेची मुलं पोलीस ठाण्यात जातात, शस्त्रं बघतात, साहेबांना प्रश्न विचारतात.

पण दल त्याहून जुनं आहे. मुंबईत सुरुवात सांगताना 1669 च्या भंडारी मिलिशियापर्यंत मागे जातात. मुंबई शहराचे पहिले पोलीस आयुक्त फ्रँक सूटर 1864 मध्ये नेमले गेले. जिल्ह्यांसाठी 1890 चा मुंबई जिल्हा पोलीस कायदा होता आणि 1951 मध्ये त्याच्या जागी मुंबई पोलीस कायदा आला. आज 'महाराष्ट्र पोलीस कायदा' म्हणतात तो हाच, फक्त नाव बदललेलं.

म्हणजे 1669 धरलं तर साडेतीनशे वर्षांची परंपरा होते आणि 1961 धरलं तर नव्या राज्याचं नवं दल. कोणतीही संस्था आपला वाढदिवस निवडते आणि त्या निवडीतून स्वतःबद्दल काहीतरी सांगते. इथे पहिला प्रश्न मिळतो : 1960 मध्ये राज्य नवं झालं, तेव्हा दलात खरोखर काय बदललं आणि काय तसंच राहिलं?

दुसरी तारीख : 12 जानेवारी

सप्ताह संपला की चारच दिवसांनी सोलापुरात हुतात्मा दिन असतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली.

त्याआधी मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं होतं. 8 मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसं गेली. संतापलेल्या जमावाने मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली, दोन पोलीस ठार झाले. पुढचे काही दिवस शहरावर इंग्रजांचा ताबा उरला नव्हता. 12 मेला मार्शल लॉ लागू झाला. या चौघांवर खटला चालला तो त्या दोन पोलिसांच्या मृत्यूचा.

आता पाहा. चार हुतात्म्यांचा पुतळा शहराच्या मध्यवस्तीत आहे आणि तो असायलाच हवा. ज्यांच्या हुकमाने गोळ्या सुटल्या, ते अधिकारी फायलींमध्ये नावानिशी सापडतात. ते दोन पोलीस मात्र कुठेच बसत नाहीत. हुतात्मा दिनाला त्यांचं नाव निघत नाही. 21 ऑक्टोबरचा पोलीस स्मृतिदिन 1959 च्या लडाखमधल्या घटनेचा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय पोलीस स्मारकावर नावं आहेत, पण ती स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांची. परक्या सरकारची नोकरी करणाऱ्या, पण इथल्याच मातीतल्या शिपायाला इतिहासात कुठे बसवायचं? हा दुसरा प्रश्न. याला झटपट उत्तर नाही, म्हणूनच तो संशोधनाचा आहे.

तिसरी तारीख : 31 ऑगस्ट

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का मारला. सोलापुरात त्यांच्यासाठी काटेरी तारेचं कुंपण घातलेली वसाहत होती. तो भाग आजही 'सेटलमेंट' म्हणूनच ओळखला जातो. हजेरी लावायची, परवान्याशिवाय बाहेर पडायचं नाही, असं तिथलं जगणं. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. या घरांमधल्या आजी-आजोबांच्या आठवणीतला पोलीस आणि रेझिंग डेच्या भाषणातला पोलीस एकाच दलाचा आहे. कायदा गेल्यावर ठाण्यातली नजर बदलायला किती काळ लागला, हा झाला तिसरा प्रश्न.

मग काम सुरू कुठून करायचं?

मुंबईच्या पुराभिलेखागारात गृह विभागाच्या विशेष शाखेच्या फायली आहेत. त्या वाचताना कागद कुणी लिहिला आणि कुणासाठी लिहिला, हे आधी टिपून ठेवा. अधिकारी 'दंगेखोर' लिहितो, तिथे शहर 'सत्याग्रही' म्हणतं. दोन्ही शब्द नोंदवायचे, घाईने एक निवडायचा नाही.

सोलापूर लांब पडत असेल, तर श्रीपूरमध्ये बसूनही काम होतं. गावपातळीवर पोलीस म्हणजे पोलीस पाटील. त्याचा कायदा 1867 चा, आणि बरोबर शंभर वर्षांनी, 1967 मध्ये, महाराष्ट्राचा स्वतंत्र ग्रामपोलीस कायदा आला. 1960 च्या दशकात वंशपरंपरेची पाटीलकी संपली आणि नेमणुकीचा पोलीस पाटील आला. एका घराण्याकडून हे काम सरकारी नेमणुकीकडे गेलं, तेव्हा गावाने कुणाचं ऐकलं? श्रीपूरसारख्या साखर कारखान्याच्या गावात, जिथे ऊसतोडीसाठी बाहेरून माणसं येतात, हा प्रश्न आणखी रंगतदार होतो. निवृत्त शिपाई आणि हवालदारांच्या मुलाखती घ्या. पदकांबद्दल विचाराच, पण ड्युटीचे तास, बदल्या, पोलीस लाइनीतली घरं आणि बंदोबस्तात चुकलेले सण याबद्दलही विचारा. संमती घ्या. नाव छापू नका म्हणाले, तर छापू नका.

आता सिनॉप्सिस उघडा आणि 'गौरवशाली' हा शब्द खोडून टाका. त्या जागी कोणता पोलीस, कोणतं वर्ष, कोणतं गाव, एवढं लिहा. मंगळवार पेठेतल्या त्या दोन शिपायांसारख्यांना जागा मिळेल असं एक प्रकरण जरी त्यातून उभं राहिलं, तरी दलाचा मान राखला गेला असं मी म्हणेन.