साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलेला समाज

बाजारात पैशापेक्षा पत मोठी, असे आमचे वाडवडील सांगत आले आहेत. ग्वाल्हेरच्या सराफ्यात काय किंवा दालबाजारात काय, लक्षावधींचा व्यवहार पूर्वी केवळ शब्दावर होत असे आणि तो शब्द पाळला जाई. उच्च न्यायालयाचे खंडपीठ ह्याच नगरीत असल्यामुळे कोर्टकचेरीही आमच्या सभासदांस अपरिचित नाही. परंतु आपल्याच ज्ञातीच्या मान्यवर पुरुषाविरुद्ध शपथेवर खरे सांगण्याची वेळ आली, तर व्यापाऱ्याने काय करावे? पंचांचा शब्द राखावा की शपथेचा? ह्या प्रश्नावर कादंबऱ्या लिहिल्या गेल्या आहेत, आणि ज्या घटनेने तो आपल्याकडे प्रथम उघडपणे उभा केला, ती व्यापारीवर्गातच घडलेली आहे.

अमेरिकेतील जोडी पिकोल्ट ह्या लेखिकेची ‘प्लेन ट्रुथ’ ही कादंबरी २००० साली प्रसिद्ध झाली. पेनसिल्व्हानिया प्रांतात आमिश नावाचा ख्रिस्ती पंथ शेती करून राहतो. ही मंडळी मोटारीऐवजी घोडागाडी वापरतात, साधी वस्त्रे नेसतात, आणि तंटा घेऊन कोर्टात जाणे त्यांच्या परंपरेस मान्य नाही. पंथाचा नियम मोडणाऱ्यास सर्वांनी वाळीत टाकावयाचे, असा त्यांचा दंडक आहे. अशा घरातील एका अविवाहित तरुणीवर नवजात अर्भकाच्या हत्येचा आरोप येतो आणि शहरातील वकीलबाई तिच्या बचावासाठी त्या शेतावर राहावयास जाते. अबोल समाजास न्यायालयाच्या भाषेत बोलावयास लावणे किती कठीण असते, हा त्या कथेचा गाभा होय.

आपल्याकडील अशीच कादंबरी म्हणजे सौरभ शाह ह्यांची ‘महाराज’. ती गुजराती भाषेत असून २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिचा आधार मात्र कल्पित नाही. १८६२ साली मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टात गाजलेला ‘महाराज लायबल खटला’ हा तो आधार होय.

त्या काळी मुंबईतील भाटिया, कपोळ इत्यादी वैष्णव व्यापाऱ्यांवर पुष्टिमार्गी हवेलीच्या महाराजांचा मोठा अधिकार चाले. मालाच्या खरेदीविक्रीवर हवेलीसाठी ‘लागा’ वसूल होत असे. महाराजांना कोर्टात खेचू नये, अशा करारावर व्यापाऱ्यांच्या सह्याही घेण्यात आल्या होत्या. करसनदास मुळजी ह्या कपोळ तरुणाने आपल्या ‘सत्यप्रकाश’ पत्रातून त्या करारास ‘गुलामीखत’ म्हटले. एल्फिन्स्टन संस्थेत शिकलेल्या ह्या तरुणास विधवाविवाहावर निबंध लिहिल्याबद्दल पूर्वीच घरच्या आश्रयास मुकावे लागले होते. २१ ऑक्टोबर १८६० च्या अंकात त्याने महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला. त्यात सुरतेचे जदुनाथजी महाराज ह्यांचे नाव घेतलेले होते. महाराजांनी १८६१ साली करसनदास आणि मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणीना ह्यांच्यावर पन्नास हजार रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. ज्यांना कोर्टात बोलावू नये म्हणून करार झाला, तेच महाराज वादी होऊन स्वतः कोर्टाच्या दारी आले!

व्यापारी संस्थांनी विशेष मनन करावे असा प्रसंग ह्यानंतरचा आहे. दावा उभा राहताच भाटिया ज्ञातीतील पुढाऱ्यांनी सभा भरविली आणि ठराव केला की, जो भाटिया महाराजांविरुद्ध साक्ष देईल त्यास ज्ञातीबाहेर टाकावे. आज ह्या शिक्षेची कल्पना येणे कठीण आहे. ज्ञातीबाहेर पडलेल्या माणसाच्या मुलीचे लग्न अडे, घरच्या मयतीस कोणी येत नसे, पेढीवरचा व्यवहार थांबे. करसनदासांनी ह्या ठरावाविरुद्ध फिर्याद केली, आणि न्यायाच्या मार्गात अडथळा आणण्याचा कट म्हणून १८६१ च्या अखेरीस नऊ प्रतिष्ठित भाटियांस दंड झाला. दोघांस प्रत्येकी एक हजार आणि उरलेल्यांस पाचशे रुपये. ती रक्कम त्यांना जड नव्हती. परंतु जी सभा आपली इभ्रत राखण्यासाठी भरली होती, तिनेच ती भर बाजारात घालविली.

मुख्य खटला जानेवारी १८६२ मध्ये उभा राहिला. न्यायासनावर सर मॅथ्यू सॉस व सर जोसेफ आर्नोल्ड होते, आणि प्रतिवादीचे काम अँस्टी ह्या बॅरिस्टरांनी चालविले. बहिष्काराची धमकी असतानाही लखमीदास खिमजी व मथुरादास लवजी हे भाटिया गृहस्थ पिंजऱ्यात उभे राहिले आणि त्यांनी स्वतःस ठाऊक असलेले सांगितले. डॉ. जॉन विल्सन ह्यांनी शास्त्रग्रंथांच्या आधारे साक्ष दिली. मराठी वाचकांस अभिमान वाटावा अशी साक्ष डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांची होय. गोव्यातील मांद्रे येथे जन्मलेल्या ह्या धन्वंतरीने, महाराजांच्या ज्या व्याधीवर आपण उपचार केले ती दुर्वर्तनातून जडणारी होती, हे शपथेवर सांगितले. २२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला. लेखातील मुख्य आरोप खरे ठरले आणि प्रतिवादीस खर्चापोटी साडेअकरा हजार रुपये देण्याचा हुकूम झाला. नीतीस जे सोडून आहे ते धर्मास धरून असू शकत नाही, असा न्या. आर्नोल्ड ह्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

ह्या कथेचा उपयोग कोणत्याही संप्रदायाची निंदा करण्यासाठी होऊ नये, असे आम्हांस आग्रहाने सांगावयाचे आहे. ‘महाराज’ कादंबरीवरील चित्रपट २०२४ साली निघाला, तेव्हा भाविकांच्या अर्जावरून गुजरात उच्च न्यायालयाने त्यास तात्पुरती मनाई केली. पुढे न्यायाधीशांनी तो स्वतः पाहिला, संप्रदायाची अवहेलना त्यात आढळली नाही, आणि २१ जून रोजी मनाई उठली. एका व्यक्तीचा दोष उघड झाल्याने भक्ती खोटी ठरत नाही. उलट ज्या वैष्णवांनी खरी साक्ष दिली, त्यांनी आपल्या संप्रदायाची सेवाच केली.

ह्या प्रश्नास दुसरीही बाजू आहे. कित्येकदा समाजाने काही लपविलेले नसते. त्याचे आचरण कायद्यास अपरिचित असते, इतकेच. अमेरिकेत आमिश मंडळींनी आठव्या इयत्तेनंतर मुलांस शाळेत धाडले नाही म्हणून त्यांना पाच-पाच डॉलर दंड झाला होता. १९७२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांची जीवनपद्धती तपशिलाने जाणून घेऊन त्यांच्या बाजूने निकाल दिला. आपला अनुभव तर ताजा आहे. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा व्रतास आत्महत्येच्या पंक्तीस बसविले, तेव्हा देशभर जैन समाजाने मूक मोर्चे काढले आणि सर्वोच्च न्यायालयापुढे आपली बाजू मांडली. ३१ ऑगस्ट रोजी त्या निकालास स्थगिती मिळाली. साधकाची अवस्था, गुरूची अनुज्ञा, विकारांचे क्षीण होणे, हे सारे न्यायालयास समजावून सांगावयाचे तर बोलावेच लागते. तेथे मौन कामाचे नाही.

म्हणजे मुंबईचे भाटिया पंच आणि २०१५ चा आपला समाज ह्या दोघांसमोर न्यायालय एकच होते. भेद होता तो वृत्तीचा. पंचांनी साक्षीदाराचे तोंड बंद करू पाहिले, आणि आपण तोंड उघडले. पहिल्या मार्गाने संशय वाढतो, दुसऱ्याने पत वाढते.

बहिष्काराचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनेही सरळ नाही. मुंबई राज्याचा १९४९ चा बहिष्कारविरोधी कायदा दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द ठरविला. धार्मिक संस्थेस आपली शिस्त राखण्याचा अधिकार आहे, असे बहुमत पडले. पुढे महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा केला. परंतु कायदा काहीही म्हणो, व्यापारी संघाने आपल्यापुरता नियम ठरविण्यास कोणाची आडकाठी आहे?

सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेख आणि न्यासापहार, म्हणजे खोटा दस्तऐवज करणे आणि ठेव गिळंकृत करणे, ह्यांची गणना आचार्यांनी केली आहे. वही आणि ठेव ही तर व्यापाऱ्याचीच साधने! खोट्या साक्षीसाठी दबाव आणणे ह्या दोषांहून दूर नाही. संघाच्या बैठकीत सभासदांचे वाद येतात, भागीदारीचे तंटे येतात. ते आपसांत मिटावेत हे उत्तमच. परंतु एखादा सभासद न्यायालयात खरे सांगू इच्छित असेल, तर त्याच्या पेढीचा व्यवहार तोडण्याची भाषा आपल्या बैठकीत कधी निघू नये. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी दंड भरणाऱ्या नऊ श्रीमंतांची नावे आज फारशी कोणास ठाऊक नाहीत. पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्यांची नावे मात्र अजून आदराने घेतली जातात. सुज्ञ सभासदांस अधिक सांगणे न लगे.